व्यसनी आईबाप व घरांतील मुकीं लेकरें
शास्त्रपाठ : नीतिसूत्रें ३१:१–९

या अध्यायांत लमुएल राजाला त्याची आई मद्याविषयीं सावध करिते; कारण पिणाऱ्या राजाला नियमाचा विसर पडतो व दीनांचा न्याय बुडतो. घरांत आईबाप हेच राजे आणि लेकरें हींच दीन, असें आम्ही समजतों.

व्यसन लेकराला तीन ठिकाणीं गांठतें. पहिलें, उदरांत : गरोदर स्त्रीनें घेतलेली दारू वारेंतून गर्भाला पोंचते, व त्याच्या मेंदूला जन्माची इजा होऊं शकते. दुसरें, चुलीपाशीं : मजुरी गुत्त्यांत जाते, दूध व वही राहून जातात, आणि बाप बेशुद्ध पडला असतां विस्तवापासून तान्ह्याला राखणार कोण? तिसरें, मनांत : मारझोडीच्या भयानें मूल अबोल होतें, व घरची लाज आपणच झांकूं लागतें.

मुलाकडून दारूची ने-आण करविणें हा २०१५ च्या बालन्याय कायद्यानें गुन्हा असून त्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

यास्तव, उपदेशक बंधूंनो, आपण व्यसनी मनुष्याचा धिक्कार न करितां त्याला डॉक्टरकडे न्यावें. परंतु लेकरूं धोक्यांत दिसल्यास गप्प बसूं नये. १०९८ या क्रमांकावर फुकट मदत मागतां येते. मुक्यांची बाजू मांडावी, हेंच आठवें वचन शिकवितें.

प्रश्न : आपल्या मंडळींत असें मुकें लेकरूं कोण? त्याच्यासाठीं कोण बोलेल?