दुसऱ्या तारेवर फक्त व्हर्च्युअल मशीन

चि. भाच्यास,


दुसरं लॅन कार्ड बसवलं, दुसऱ्या राउटरची वायर जोडली, तरी व्हर्च्युअल मशीन घरच्याच नेटवरून बाहेर जातंय, ही तुझी परवाची तक्रार मामाच्या डोक्यातून गेली नाही. फोनवर असल्या गोष्टी नीट सांगता येत नाहीत, म्हणून हे पत्र.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन तयार केलं की ते आपसूक 'नॅट'वर येतं. त्याला पत्ता मिळतो 10.0.2.15 आणि गेटवे 10.0.2.2. हा पत्ता बाहेर कुणालाच दिसत नाही. वाड्यातल्या पोटभाडेकरूची पत्रं 'द्वारा' लिहून मालकाच्या नावावर यायची, तसंच हे. टपाल बाहेर पाठवायचं काम होस्टचं, म्हणजे तुझ्या मूळ संगणकाचं, आणि होस्ट ते स्वतःच्या वाटेने पाठवतो. विंडोजला दोन गेटवे दिसले तर ज्याचा मेट्रिक कमी, ती वाट तो धरतो. तुझं नवं कार्ड बिचारं बसून राहिलंय ते यामुळे.

इथे हवं 'ब्रिज्ड'. त्यात मशीन स्वतःचा मॅक पत्ता घेऊन तारेवर येतं (व्हर्च्युअलबॉक्सचे पत्ते 08:00:27 ने सुरू होतात) आणि राउटर त्याला वेगळा संगणक समजून वेगळा आयपी देतो. मात्र कुठल्या कार्डावरून, ते तूच निवडायचं. व्हीएमवेअर वापरत असशील तर व्हीएमनेट0 'ऑटोमॅटिक'वर असतं, म्हणजे कार्ड तेच निवडतं. व्हर्च्युअल नेटवर्क एडिटरमध्ये जाऊन तिथे दुसरं कार्ड ठरवून दे. आणि यासाठी वायफाय नको. वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट एका जोडणीवर एकच मॅक पत्ता ओळखतो, म्हणून तिथे ब्रिज करायला या सॉफ्टवेअरना पत्ते बदलून द्यावे लागतात आणि ते दर वेळी जमतंच असं नाही. तांब्याची तार बरी.

एवढं झालं की बहुतेक जण काम संपलं असं समजतात. तसं समजू नकोस. दुसऱ्या कार्डावर होस्टनेही अजून आयपी घेतलेला असतो, म्हणजे तो दोन्ही नेटवर्कांत पाय ठेवून उभा आहे. त्या कार्डाच्या प्रॉपर्टीज उघड, आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 या दोन्हींसमोरच्या खुणा काढ, ब्रिजिंगच्या ड्रायव्हरची खूण तेवढी ठेव. आता ती तार होस्टच्या संगणकातून जाईल, पण होस्टला तिच्यावर पत्ता नसेल. हायपर-व्हीमध्ये हेच काम एक्स्टर्नल स्विच बनवताना होतं: मॅनेजमेंट ऑपरेटिंग सिस्टिमला कार्ड वापरू देण्याची खूण काढायची. लिनक्सवर कार्ड ब्रिजमध्ये घालायचं आणि ब्रिजला पत्ता द्यायचाच नाही.

आता मामाच्या खऱ्या काळजीचं. मालवेअरचे नमुने उघडून बघायचे आहेत म्हणालास. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय पसरला, तो 445 या पोर्टवरून, शेजारचं विंडोज मशीन शोधत, कुणी काही क्लिक न करता. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ती न बसवलेली मशीनं सापडली. असला नमुना ब्रिज्ड मशीनमध्ये उघडलास तर त्या तारेवरचा प्रत्येक संगणक त्याचा शेजारी. 'होस्ट-ओन्ली'ही पुरत नाही, कारण तिथे 192.168.56.1 वर तुझा होस्टच बसलेला असतो. नमुन्यांसाठी वेगळं मशीन ठेव, त्याला 'इंटर्नल नेटवर्क'वर टाक, आणि शेअर्ड फोल्डर व क्लिपबोर्ड दोन्ही बंद कर. फोल्डर उघडा राहिला तर तारा वेगळ्या करून उपयोग काय?

एवढं झालं की लगेच तपास. होस्ट आणि ब्रिज्ड मशीन, दोन्हींकडून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग सुरू ठेव. दुसऱ्या कार्डाची वायर उपस: मशीनचा पिंग थांबला पाहिजे, होस्टचा चालू राहिला पाहिजे. ती परत लाव, पहिली उपस: आता उलट. मग होस्टवर आयपीकॉन्फिग चालव. दुसऱ्या कार्डाचा एकही आयपी पत्ता तिथे दिसता कामा नये. दिसला तर स्क्रीनचा फोटो पाठव. रविवारी दुपारी मामा घरीच आहे.

तुझा,
मामा