प्रवरेतले कासव उन्हाळ्यात जाते कुठे?



परिसर अभ्यासात ‘प्राण्यांचे निवारे’ शिकवताना कासवाचे उदाहरण नक्की घ्या. बेलापूरच्या मुलांना प्रवरा नदी रोजची. पण नदीतल्या कासवाचे वर्षभराचे वेळापत्रक फारसे कुणी सांगत नाही.

ओळख : आपल्याकडे डोहात, तळ्यात, कालव्यात मऊ पाठीचे कासव आढळते. पोटाच्या बाजूला मागे दोन झडपा असतात. मागचे पाय आत घेतले की झडपा बंद! गोगलगायी, बेडूक, मेलेले मासे, पाणवनस्पती असे सगळे खाऊन ते पाणी साफ ठेवायला मदत करते.

उन्हाळा : पाणी आटले की ते गाळात स्वतःला पुरून घेते. शरीराचे काम मंदावते, खाणे बंद होते. ही उन्हाळी झोप. बेडूकही असेच करतो, हे मुलांना आठवून द्या.

पावसाळा : पाऊस पडला की ते बाहेर येते, खाते आणि नवे पाणी शोधत शेतातून, रस्त्यावरूनही चालते. पुढे मादी काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, माती ओढते आणि निघून जाते. अंडी अनेक महिने मातीतच राहतात.

इथे मुलांशी एक गंमत बोलता येईल. संतसाहित्यात कासवी नुसत्या नजरेने पिल्ले वाढवते असा दाखला येतो. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासेही प्रवरेकाठचेच. दाखला मायेचा म्हणून सुंदर आहे, पण प्रत्यक्षात पिल्लांना आई भेटतच नाही. त्यांना सांभाळतो तो नदीचा काठ. काठच उपसला तर?

म्हणून हे गावापर्यंत पोचायला हवे. तळ्यातला गाळ आपण उन्हाळ्यातच काढतो, म्हणजे नेमके कासव झोपलेले असताना. गाळ काढायलाच हवा. पण जेसीबीच्या बकेटमध्ये कासव दिसले तर ते मेलेले समजून फेकू नये. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आणि रस्त्यावर सापडलेले कासव घरच्या टाकीत ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे.

उपक्रम : वहीत बारा महिन्यांचे वर्तुळ काढा. कासव कधी झोपते, कधी फिरते, ते रंगवा. त्याच वर्तुळात गाळ आणि वाळू उपसण्याचे महिनेही रंगवा. दोन्ही रंग कुठे एकावर एक येतात, ते मुलांनाच शोधू द्या.