कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वैद्यकातील विशेष शाखा

एम.बी.बी.एस. झालेल्या मुलामुलींचे पालक अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात : संगणकच क्ष-किरणचित्रे वाचू लागला असता रेडिओलॉजीस प्रवेश घ्यावा काय? प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा असल्याने उत्तर जमाखर्चाच्या अंगाने देणे त्यास सोयीचे वाटते.

या शास्त्राचे अग्रणी जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली, रेडिओलॉजिस्ट घडविणे आता थांबवावे, असे जाहीरपणे सांगितले होते. पुढे २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल लाभले. भाकीत मात्र फळले नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये रेडिओलॉजिस्टांची संख्या २०१६ नंतर निम्म्याहून अधिक वाढून २०२५ साली चारशेच्या वर गेली. चित्रवाचन हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे. सोनोग्राफी करणे, सुईने तपासणीसाठी तुकडा घेणे, शल्यचिकित्सकास सल्ला देणे ही कामे उरतातच. आमच्या लेखा विभागात टॅली आले, खतावणीचे कष्ट गेले, परंतु लेखापरीक्षकांच्या स्वाक्षरीवाचून ताळेबंद आजही पुरा होत नाही.

स्वीडनमध्ये सुमारे ८०,००० महिलांच्या स्तन-तपासणीचा प्रयोग झाला. तेथे प्रत्येक चित्र दोन डॉक्टर वाचतात. यंत्राच्या साहाय्याने वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि कर्करोगाचे निदान कमी झाले नाही, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. जेथे दोन डॉक्टर आहेत तेथे एकाचे श्रम वाचतील. आपल्याकडील तालुक्याच्या गावी जेथे एकही नाही, तेथे कोणाची नोकरी जाणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये क्षयरोगाच्या छातीच्या चित्रांसाठी संगणकीय वाचनास मान्यता दिली, ती अशाच उणिवेकडे पाहून. मधुमेहींच्या नेत्रपटलाची तपासणी करून स्वतःच निष्कर्ष देणाऱ्या यंत्रास अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली. त्यामुळे नेत्रतज्ज्ञांकडे रुग्ण वाढतील, असे आम्हांस वाटते. लेझर उपचार त्यांनाच करावयाचे आहेत. शल्यचिकित्सा, भूलशास्त्र, प्रसूती या हाताच्या शाखांना तूर्त धक्का नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. पोलंडमधील २०२५ च्या एका अभ्यासात, मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत यंत्राची मदत घेऊ लागलेल्या अनुभवी डॉक्टरांनी त्या मदतीविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आल्याचे दिसले. अनुभवी हातांची ही स्थिती, तर शिकाऊ डॉक्टरांचे काय? हजारो साधी चित्रे पाहूनच नजर तयार होते, आणि यंत्र प्रथम हिरावून घेणार ते हेच साधे काम.

अशा यंत्रासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्या हितचिंतकांस म्हणूनच विनंती आहे, की यंत्राच्या किमतीसोबत एका कनिष्ठ डॉक्टराच्या विद्यावेतनाचाही विचार व्हावा. चित्र प्रथम त्याने वाचावे, आपले मत नोंदवावे, आणि नंतरच यंत्राचा निष्कर्ष उघडावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे मांडण्याचा मानस आहे. यात प्रत्येक तपासणीस काही मिनिटे अधिक लागतील व तो खर्च धर्मादाय निधीवर पडेल, याची नोंद असावी.