हलके ओझे, मोठी काळजी

मुलांनो, उंच इमारतीचे बांधकाम तुम्ही पाहिले असेल. तेथे क्रेनच्या हुकाला लोखंडी काटा टांगतात. त्याची दोन लांब पाती लाकडी पॅलेटखाली घालून विटा किंवा सिमेंटच्या गोण्या वर नेतात.

जड ओझे धोक्याचे, हे सर्वांना कळते. पण हलके ओझेही धोक्याचे असते. ते कसे?

काही काट्यांत समतोल राखण्यासाठी स्प्रिंग असते. भार आला की स्प्रिंग ताणली जाते, वरची कडी पुढे सरकते आणि पाती सपाट राहतात. समजा, काटा २००० किलो उचलणारा आहे. त्यावर ५० किलोच्या ४ गोण्या ठेवल्या. वजन झाले फक्त २०० किलो. एवढ्या भाराने स्प्रिंग पुरेशी ताणली गेली नाही, तर कडी मागेच राहते, पात्यांची टोके खाली झुकतात आणि गोण्या घसरू लागतात.

म्हणून हलक्या ओझ्यासाठी लहान काटा घ्यावा. ओझे पात्यांच्या मागच्या बाजूला टेकवून साखळीने बांधावे. आधी ते वीतभरच उचलून पाहावे. टोके झुकली, तर लगेच खाली ठेवावे. टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही उभे राहू नये.

उंचावरून पडणारी एक वीटही जीव घेऊ शकते. हे नेहमी लक्षात ठेवा.

स्वाध्याय
१. हलक्या ओझ्याने पात्यांची टोके खाली का झुकतात?
२. ओझे आधी वीतभरच का उचलावे?