आज किती खणलंस?

आई-बाबांनो, बंदुका घेऊन धावायचे खेळ तुम्हाला एव्हाना पाठ झालेत. त्यांवरून रागवायचं कसं, हेही ठरून गेलंय. पण पोरगा एका करड्या दगडाकडे बघत बसलाय, जहाजातून निघालेली उजेडाची रेघ त्या दगडावर पडलीय, पाच मिनिटं झाली तरी दुसरं काही घडत नाही, आणि विचारलं तर म्हणतो, "मायनिंग करतोय." अशा वेळी नेमकं कशावरून रागवायचं? आजचं हितगुज अशा घरांसाठी. (मी 'मुलगा' लिहिलं तरी खणणाऱ्या मुलीही आहेत; त्यांना धरूनच वाचा.)

तो खेळ बहुधा ईव्ह ऑनलाइन असतो. आइसलँडची राजधानी रेक्याविक, तिथल्या सीसीपी गेम्स या कंपनीने तो मे २००३ मध्ये आणला. म्हणजे तुमच्या मुलापेक्षा तो वयाने थोरला आहे. न्यू ईडन नावाचं विश्व, त्यात सात हजारांहून जास्त सूर्यमाला, आणि चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू त्याच एका विश्वात. इथे पातळ्या पार करायच्या नसतात आणि शेवटही नसतो. जो तो आपला धंदा निवडतो. कोणी व्यापारी होतो, कोणी लुटारू, कोणी माल वाहणारा. तुमच्या मुलाने लघुग्रह फोडायचं ठरवलं.

हा तिथला सर्वांत कमी मानाचा धंदा. लढणारे खाणवाल्यांची यथेच्छ टिंगल करतात. पण त्या विश्वातली जवळजवळ प्रत्येक वस्तू खेळाडूंनीच बनवायची असते, त्यामुळे खाणवाले उठून गेले तर लढणाऱ्यांना बसायला जहाज उरणार नाही. वेल्डस्पार हा तिथला सर्वांत साधा दगड; तो गाळला की ट्रिटॅनियम मिळतं, आणि लहानमोठ्या सगळ्या जहाजांना ते लागतं. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या सूर्यमालेत एक लढाई पेटली. कारण काय, तर एका गटाकडून त्या जागेच्या ताब्याचं भाडं भरायचं राहून गेलं! सुमारे २१ तास हजारो खेळाडू लढले, टायटन जातीची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली, खऱ्या पैशांत नुकसान सुमारे ३ लाख डॉलर धरलं गेलं. जगभर बातम्या आल्या त्या सेनापतींच्या. त्या ७५ जहाजांचा धातू कोणीतरी दगडामागून दगड फोडून जमवला होता, त्यांना कोणी विचारलं नाही.

नव्या मुलाची सुरुवात वेंचर नावाच्या छोट्या जहाजाने होते. पोटात ५,००० घनमीटर माल मावतो. लेझरचा एक फेरा मिनिटभराचा. पोट भरलं की ठाण्यावर जायचं, दगड तसाच विकायचा की गाळून विकायचा याचा हिशोब करायचा, परत लघुग्रहांच्या पट्ट्यात यायचं. हिशोबासाठी बरीच मुलं एक्सेलची पानं ठेवतात. कंपनीने २०२२ मध्ये आपल्या वार्षिक मेळाव्यात मायक्रोसॉफ्टशी मिळून ईव्हला एक्सेल जोडणार असं जाहीर केलं, तर खेळाडूंनी जल्लोष केला. एक्सेलसाठी जल्लोष करणारी मुलं! ज्या शिक्षकांना हे वाचून हेवा वाटेल त्यांना मी समजू शकते.

आणि एकट्याने खणणं हा यातला थोडा भाग. खरी गंमत ताफ्यात. ऑर्कासारखं मोठं जहाज मधे उभं, भोवती दहा-बाराजण लेझर लावून बसलेले, कानात हेडफोन. पापड लाटायला बसलेल्या बायकांचे हात चालत असतात आणि गप्पा कुठून कुठे जातात, तसंच ते चालतं. काहीच घडत नाही असं तुम्हाला पडद्यावर दिसतं, कारण जे घडतं ते कानात घडत असतं.

म्हणून माझं म्हणणं असं: तुमच्या मुलाने खेळातसुद्धा काम निवडलंय, तर त्याच्याशी कामावर जाणाऱ्या माणसाशी बोलतो तसं बोला. घरी आलेल्या माणसाला आपण जे विचारतो तेच विचारा. आज किती खणलंस? बरोबर कोण होतं? भाव काय मिळाला? "झालं का तुझं खेळून" या वाक्याला उत्तर नसतं, या प्रश्नांना असतं. आणि काळजीच्या खऱ्या जागा त्या उत्तरांतच सापडतात.

भावावरून सुरुवात करा. तिथलं चलन इस्क. ते मुलाला खरं वाटतं, कारण बाजार खरा आहे. किमती खेळाडूंच्या मागणी-पुरवठ्याने ठरतात. ही अर्थव्यवस्था अभ्यासायला कंपनीने २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन हे अर्थतज्ज्ञ नेमले होते. पुढे ते आइसलँडमधल्याच अकुरेरी विद्यापीठाचे प्रमुख झाले. पण इस्क विकून रुपये घ्यायला नियमाने बंदी आहे, पकडलं तर खातं जातं. उलटी वाट मात्र मोकळी. खरे पैसे देऊन प्लेक्स नावाची वस्तू घ्यायची आणि ती खेळातल्या बाजारात इस्क घेऊन विकायची. ज्याच्याकडे इस्क भरपूर, तो ते प्लेक्स घेऊन आपलं महिन्याचं शुल्क भागवतो. "बाबा, मी माझ्या मायनिंगवर खेळतो, तुमचे पैसे लागत नाहीत" असं घरात ऐकू आलं असेल, तर त्यामागे हे गणित आहे.

ते वाक्य खोटं नाही. फक्त अर्धं आहे. खेळ फुकटही खेळता येतो, पण मोठी जहाजं हवी तर शुल्क आलंच; २०२२ पासून आंतरराष्ट्रीय दर महिन्याला सुमारे २० डॉलर. तेवढ्यासाठी किती तास खणलं, हे मुलालाच त्याच्या त्या एक्सेलमध्ये मांडायला सांगा. तुम्ही मांडू नका. ताशी मजुरी समोर आली की काही मुलं गप्प होतात. काही म्हणतात, "पण मला आवडतं." हे उत्तर मला पूर्ण मान्य आहे. आवडीला ताशी दर लावायचा नसतो; तो 'कमावतो' म्हणाला, तरच लावायचा.

खेळून खरी कमाई होते असं सांगणारे खेळही येऊन गेलेत, तेही त्याला सांगा. ॲक्सी इन्फिनिटी नावाच्या खेळावर २०२१ मध्ये, महासाथीच्या दिवसांत, फिलिपीन्समधल्या कित्येकांनी घरखर्च भागवला. मग त्यातल्या टोकनचा भाव कोसळला आणि मार्च २०२२ मध्ये त्या व्यवस्थेतून ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. ईव्ह त्या जातीचा नाही. पण "तुझं इस्क मला दे, मी यूपीआय करतो" म्हणणारा कोणी 'दादा' मुलाला भेटला, तर ते प्रकरण त्याच दिवशी तुमच्यापर्यंत आलं पाहिजे, आणि आल्यावर पहिली शिवी मुलाला मिळता कामा नये.

फसवणुकीचं तर सविस्तर बोलायला हवं. जिता हे तिथलं सर्वांत गजबजलेलं बाजाराचं ठिकाण. तिथल्या सार्वजनिक गप्पांत "इस्क पाठवा, दुप्पट करून देतो" अशा हाका कायम चालू. दुप्पट करून देणाऱ्यांनी आपल्याकडे किती घरं बुडवली हे तुम्हाला मी काय सांगावं! फरक एवढाच की ईव्हमध्ये अशी फसवणूक खेळाच्या नियमांत बसते. २००६ मध्ये एका खेळाडूने खेळातच बँक काढली, लोकांनी विश्वासाने ठेवी ठेवल्या, आणि तो शेकडो अब्ज इस्क घेऊन चालता झाला.

पट्ट्यातही तेच. कॉनकॉर्ड नावाचे पोलीस आहेत, पण ते गुन्हा थांबवत नाहीत, झाल्यावर शिक्षा करतात. मधल्या काही सेकंदांत स्वस्त जहाजांची टोळी येऊन खाणवाल्याचं महागडं जहाज फोडून टाकते. फुटलेलं जहाज परत मिळत नाही. एका टोळीने तर खाणवाल्यांना परवाने विकायला काढले होते: वर्षाला १ कोटी इस्क भरा, नाहीतर फोडू. कित्येकांनी निमूट भरले, कित्येक भांडले. असं जहाज गेलेला मुलगा ताटावर गप्प बसला, तर "खेळच तर आहे" म्हणू नका. त्याचे कष्ट खरे होते. जुने खेळाडू सांगतात, जे गमावणं परवडत नाही ते उडवू नका. ते त्याला कळलेलं असतं, आपण वर भाषण चढवायची गरज नसते. थोड्या दिवसांनी, तुमच्या घरात कोणी कुठल्या योजनेत पैसे घालवले असतील तर ती हकिगत त्याला सांगा. त्या वेळी तो जितकं कान देऊन ऐकेल, तितकं एरवी ऐकणार नाही.

वेळेचं भांडण प्रत्येक घरात आहे, आणि इथे थोडी माहिती उपयोगी पडते. हा खेळ मधेच थांबवता येत नाही, म्हणून "आत्ताच्या आत्ता ऊठ" म्हटलं की तो चिडतो. जहाज उघड्यावर राहतं. पण लेझर बंद करून ठाण्यात शिरायला दोन-चार मिनिटं पुरतात. "माल टाकून ये" म्हणा, आणि मग मात्र दहा मिनिटं ऐकून घेऊ नका. दुसरं, पट्टे रोज नव्याने भरतात. आपल्या घड्याळात दुपारी साडेचारला सर्व्हर थोडा वेळ बंद होतो, आणि चालू झाला की कालचे फोडलेले दगड जागेवर. बरोबर शाळा सुटायच्या सुमारास! खरी खाण कधीतरी संपते, ही संपत नाही. तेव्हा "संपलं की उठतो" हे वचन घेऊ नका, ते पाळताच येणार नाही. घड्याळाचं वचन घ्या. तिसरं, पात्राची कौशल्यं खऱ्या वेळात वाढतात, खेळ बंद असला तरी. रांगेला लावून ठेवलेलं शिक्षण मूल शाळेत असताना, झोपलेलं असताना चालूच राहतं. "मी नसलो तर मागे पडेन" यात त्यामुळे फारसं तथ्य नाही, हे त्यालाही माहीत आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रात्रीची. युरोपची संध्याकाळ ही या खेळाची भरगर्दीची वेळ, आणि ती आपल्याकडे उलटते मध्यरात्रीवर. ताफा निघणार साडेअकराला, परतणार दोनला. तिथल्या गटाला कॉर्पोरेशन म्हणतात, त्याला सीईओ असतो, हजेरी असते, आणि "आज तू नव्हतास" म्हणणारेही असतात. बहुतेक जण वयाने मोठे, नोकरीधंदा करून खेळणारे. माणसं वाईट असतात असं नाही. पण मुंबईत उद्या सकाळी सातला प्रयोगवहीची तपासणी आहे हे त्यांना ठाऊक नसतं. ते सांगायचं काम मुलाचं. "मी शाळेत जातो, रात्री अकरानंतर नसेन" हे वाक्य तो आपल्या सीईओला लिहू शकतो का, ते विचारा. लिहिलं आणि त्यांनी मान्य केलं, तर गट बरा. चेष्टा केली, तर गट बदलायचा. तिथे शेकड्यांनी आहेत. खरं नाव, शाळा, फोटो, पत्ता यांतलं काही द्यायचं नाही, हे याच बसण्यात बोलून घ्या.

खेळ जेवणखाण, झोप, अभ्यास, मित्र सगळ्यांच्या पुढे गेला, नुकसान दिसत असूनही थांबवता येत नाही, आणि हे महिनोन्महिने चाललंय, असं असेल तर ते हितगुजाच्या पलीकडचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला नाव आहे, आणि बंगळुरूच्या निमहान्समध्ये २०१४ पासून त्यासाठी वेगळा दवाखाना आहे. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, वाट पाहू नका.

राहता राहिला तो प्रश्न, जो बाबा लोक जरा हळू आवाजात विचारतात: यात पुढे काही करिअर आहे का? खेळातल्या खाणीत नाही. २०२० च्या सुमारास कंपनीने विश्वातली खनिजं मुद्दाम आखडती केली आणि खाणवाल्यांची घडी विस्कटली. ज्या मालकाला असं करता येतं, त्याच्या भरवशावर आयुष्य लावायचं नसतं. खरा लघुग्रह खणण्याचा धंदाही अजून उभा राहिलेला नाही. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेला माल भरला १२१.६ ग्रॅम, जपानच्या हायाबुसा-२ ने डिसेंबर २०२० मध्ये र्‍युगू या लघुग्रहावरून आणलेला, पाच ग्रॅमच्या आसपास. लघुग्रह खणायला निघालेली प्लॅनेटरी रिसोर्सेस ही अमेरिकी कंपनी २०१८ मध्ये एका ब्लॉकचेन कंपनीच्या हाती गेली. पण शिकण्याजोगा विषय आहे. कोलोराडो स्कूल ऑफ माइन्समध्ये अवकाशातल्या संसाधनांवर पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. आपल्याकडे खाण अभियांत्रिकी धनबादच्या आयआयटीत आहे, नागपूरच्या व्हीएनआयटीतही आहे, आणि दोन्हीकडे शिरायला जेईईचं गणित-भौतिकशास्त्र लागतं. हे सांगायला गेलात तेव्हा लेझर चालू असेल, तर चालू राहू द्या. पुढचा फेरा सुरू व्हायला मिनिटभर असतो.