सरकारी वकील टिकत का नाहीत?

प्रश्न : भावाला झालेल्या मारहाणीचा खटला पाच वर्षं चालू आहे. तेवढ्यात तीन सरकारी वकील बदलले. प्रत्येक वेळी आम्ही पहिल्यापासून सगळं सांगायचं. हे लोक टिकत का नाहीत? त्यांना पगार कमी असतो का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमचा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे असणार. तिथे सरकारच्या बाजूने उभा राहतो तो सहायक सरकारी अभियोक्ता. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आलेला, पूर्णवेळ पगारी अधिकारी. त्याच्या बदल्या होतात, त्यामुळे तिघेही नोकरी सोडून गेले असं समजू नका. पण सोडून जाणारेही असतात, आणि त्याचा पगाराशी थेट संबंध आहे.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं. रक्कम लहान नाही. पण त्याच खोलीत चार हातांवर बसलेल्या न्यायाधीशांचं मूळ वेतन सुरू होतं ७७,८४० पासून. पदवी दोघांची एकच, दिवसभराचा बोर्डही (खटल्यांची यादी) एकच. न्यायाधीशांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, त्यांच्यासाठी स्वतंत्र वेतन आयोग बसले, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने नवी वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू केली. त्यांना मिळालं ते रास्तच आहे. अभियोक्त्यांसाठी मात्र देशपातळीवर असा आयोग बसलेला नाही. जर्मनीत न्यायाधीश आणि सरकारी अभियोक्ता एकाच वेतनश्रेणीत मोडतात. आपल्याकडे हे अशक्य का मानायचं, हे मला कळत नाही.

बाहेर पडायचे रस्तेही चांगले आहेत. सात वर्षं वकिली झालेल्याला जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीत उतरता येतं, आणि सरकारी अभियोक्त्याची नोकरी ही वकिलीच धरायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. तिथे सुरुवातच १,४४,८४० रुपयांची. हुशार माणूस सातव्या-आठव्या वर्षी, हात बसल्यावर, अर्ज भरतो. त्याला दोष कसा द्यायचा?

हात बसणं म्हणजे काय, ते एकदा डोळ्यांनी पाहिलंय. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, मला काही माहीत नाही. पोलिसांनी नुसती सही घेतली.’ फितूर झाला. सरकारी वकीलबाई शांतपणे उठल्या, उलटतपासणीची परवानगी घेतली आणि त्याचा पोलिसांपुढचा जबाब एकेक वाक्य करून त्याच्यापुढे ठेवला. त्याने नाकारलेल्या भागाला ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण पडली. काम इथे संपत नाही. पुढे तपासी अंमलदार साक्षीला येईल तेव्हा त्याला विचारावं लागतं, ‘हा मजकूर साक्षीदाराने तुम्हाला असाच सांगितला होता ना?’ तो हो म्हणाला की मगच त्या भागाला निशाणी क्रमांक मिळतो. हे दोन दिवस एकमेकांपासून दोन-दोन वर्षं लांब असू शकतात. मधल्या काळात वकील बदलला आणि नव्या वकिलाने तो प्रश्न विचारला नाही, तर ती खूण कागदावर नुसतीच राहते. तीन वकील बदलण्याचा तोटा होतो तो इथे.

सत्र न्यायालयातली गोष्ट वेगळी. तिथले जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी बारमधून ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात, त्यांना मानधन आणि फी मिळते. त्या पदाला कायदाच सात वर्षांची वकिली मागतो, विशेष सरकारी वकिलाला दहा वर्षांची. गावात भयंकर काही घडलं की मोर्चाची पहिली मागणी काय असते, आठवा : विशेष सरकारी वकील नेमा. अनुभवाची किंमत लोकांना ठाऊक आहे. ती फक्त गाजलेल्या खटल्यातच का मोजायची? तुमच्या भावाच्या खटल्याला तोच हक्क आहे.

एक सावधगिरी हवी. पगार वाढवावा, बढतीच्या पायऱ्या वाढवाव्यात, टंकलेखक आणि बसायला धड खोली द्यावी. पण ही वाढ शिक्षा किती लागल्या या आकड्याला कधीही बांधू नये. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहाणे खटल्यात आपल्याच राज्याला बजावलं, की सहायक अभियोक्ते पोलीस खात्याच्या ताब्यातून मोकळे करा. पुरावा कच्चा आहे हे कोर्टाला सांगायची हिंमतही त्याच्यात लागते, आणि घरखर्चाची चिंता नसलेल्या माणसाला ती सोपी जाते.

आता तुमच्यापुरतं. पुढच्या तारखेआधी दोषारोपपत्राची प्रत आणि झालेल्या साक्षींच्या नकला काढून घ्या. कोणता साक्षीदार कधी तपासला, कोण फितूर झाला, कोण बाकी आहे, हे एका पानावर लिहून नव्या सरकारी वकिलांच्या हाती द्या. शिवाय, न्यायालयाच्या परवानगीने पीडिताला सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो आणि शेवटी लेखी युक्तिवादही दाखल करता येतो. तपासी अंमलदाराची साक्ष अजून व्हायची असेल, तर त्या पानावर सगळ्यात वर ‘पोर्शन मार्क’ किती आणि कोणाचे, तेवढं लिहा.