ग्लायडरला रेडिओ बसवताय? रुपये मोजा, ग्रॅमही मोजा

मीटरभर पंखांचं, हाताने फेकायचं फोमचं ग्लायडर तुमच्याकडे तयार आहे आणि आता ते रिमोटवर उडवायचंय, तर पहिल्या वेळी साडेसात ते अकरा हजार रुपये बाजूला ठेवा. यातले जवळपास निम्मे हातातल्या ट्रान्समीटरचे. तो एकदाच घ्यायचा असतो. पुढच्या ग्लायडरला हीच यंत्रणा दोन-अडीच हजारांत बसते. वेळ म्हणाल तर सामान हाताशी असल्यास दोन संध्याकाळी. मधली एक रात्र अरल्डाइट सुकण्यात जाते, तिची घाई करू नका.

प्रत्येक वस्तूला इथे दोन किमती आहेत, एक रुपयांत आणि एक ग्रॅममध्ये. दुकानदार पहिली सांगतो, दुसरी तुम्ही विचारायची. म्हणून आधी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा घ्या, तीन-पाचशे रुपयांत मिळतो. तो टाळून वाचवलेले पैसे पुढे तोल साधायला नाकात घालायच्या शिशात जातात.

रेडिओपासून सुरुवात करा. नवशिक्याला पुरेसा आणि इथे सहज मिळणारा संच म्हणजे सहा चॅनेलचा फ्लायस्काय एफएस-आय६, सोबत आयए६बी रिसीव्हर. दुकानागणिक भाव बदलतो. साधारण साडेचार ते सहा हजार. ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी विचारा. रिसीव्हर सोबत आहे का? ‘फक्त ट्रान्समीटर’ अशा जाहिराती स्वस्त दिसतात, मग रिसीव्हरचे हजार-बाराशे वेगळे लागतात. मोड २ आहे का? म्हणजे एलेव्हेटर आणि एलेरॉनची कांडी उजव्या हाताला; रडरचा सर्व्हो एलेरॉनच्या चॅनेलला जोडला की तोही याच कांडीवर येतो. आणि सेल? ट्रान्समीटरला चार एए सेल लागतात, ते खोक्यात नसतात. चारशे-पाचशेचे रिचार्जेबल घेऊन टाका.

खेळण्यांच्या दुकानातला तीन चॅनेलचा स्वस्त रिमोट घेऊ नका. तुमच्या ग्लायडरची शेपटी व्ही आकाराची असेल तर दोन सर्व्होंचं काम एकमेकांत मिसळावं लागतं, आणि ती सोय त्यात नसते. एका कंपनीचा रिसीव्हर दुसऱ्या कंपनीच्या ट्रान्समीटरशी सहसा जुळत नाही, त्यामुळे मित्राकडे पडलेला रिसीव्हर फुकट मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नका.

सर्व्हो म्हणजे शेपटीचे भाग हलवणारी छोटी मोटर. दोन लागतात, एक रडरला (शेपटीचा उभा हलता भाग), एक एलेव्हेटरला (आडवा). घ्या मात्र चार. एसजी९० हा ९ ग्रॅमचा सर्व्हो शंभर-दीडशेला मिळतो, पण एकटा मागवला तर कुरिअरचे पैसे जवळपास तेवढेच. शिवाय याच्या नकला इतक्या आहेत की चारातला एखादा थरथरणारा निघाला तर नवल नाही. एक सापळा खास लक्षात ठेवा. एसजी९० दोन प्रकारांत विकला जातो. एक १८० अंशांचा, तो तुमचा. दुसरा ३६० अंश गोल फिरत राहणारा, तो रोबोटच्या चाकांसाठी. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून जाहिरातीतला आकडा वाचूनच पैसे भरा. धातूच्या दात्यांचा एमजी९०एस दणकट असतो, पण प्रत्येकी चार-साडेचार ग्रॅम जड आणि भावाने जवळपास दुप्पट. हलक्या फोमच्या ग्लायडरला तो लागत नाही. दात्यांचे पैसे वाचवा आणि गवतावर उतरवायला शिका.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते बॅटरीत. चारजण चार सल्ले देतात, त्यातले निदान दोन तुमचं सामान जाळतात. एका सेलची ३.७ व्होल्टची लिपो हलकी असते म्हणून मोह होतो, पण आयए६बी रिसीव्हरला किमान ४ व्होल्ट लागतात. उडताना सेल उतरला की रिसीव्हर मान टाकतो. दोन सेलची ७.४ व्होल्टची लिपो थेट जोडली तर उलटी गत: एसजी९० साधारण ६ व्होल्टपर्यंतचा, तो तापतो आणि मरतो. मध्ये व्होल्ट उतरवणारा ५ व्होल्टचा बीईसी लावा, तो दीड-दोनशेचा आणि सात-दहा ग्रॅमचा. त्यावर लिपोसाठी बॅलन्स चार्जर हवा, म्हणजे आणखी दीड-दोन हजार, आणि चार्ज होताना शेजारी बसून राहायची शिस्त हवी.

माझं मत सरळ आहे. पहिल्या ग्लायडरला चार एएए निकेल मेटल हायड्राइड सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक घाला. ७५० एमएएचचे चांगले सेल पाचशे ते नऊशेला चार. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, लिपोपेक्षा जास्त. पण ग्लायडरच्या नाकात कसंही वजन घालावंच लागतं. ते शिशाचं घालण्यापेक्षा विजेचं घाला. दोन सर्व्हो आणि रिसीव्हर मिळून एवढ्यावर दोन तास आरामात निघतात.

फक्त स्प्रिंगचा प्लास्टिक होल्डर वापरू नका. जोरात फेकलं किंवा आपटलं की सेल क्षणभर सुटतो, आणि तेवढ्यात रिसीव्हर बंद. पट्ट्या स्पॉट-वेल्ड करून, वर श्रिंक नळी चढवून पॅक करून घ्या. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे बॅटरीवाल्यांना विचारा. मजुरी सेल देण्याआधी ठरवा आणि तुमचेच सेल परत मिळाले का ते पाहा. घरी सोल्डर करायचंच असेल तर पट्टी असलेले सेल आणा. सेलच्या डोक्यावर डागणी टेकवून बसलात तर सेल आतून खराब होतो.

आता जोडणी. शेपटीपर्यंत हालचाल नेणाऱ्या सळया म्हणजे पुशरॉड. एक मिलिमीटरची कार्बन सळई मीटरला साधारण शंभर-दीडशे, ती ज्यातून सरकते ती प्लास्टिक नळी, हॉर्न आणि टोकाच्या तारा धरून तीन-चारशेत काम होतं. नळी दर दहा-बारा सेंटिमीटरवर ग्लायडरच्या अंगाला चिकटवा, नाहीतर कांडी ढकलल्यावर सळई वाकते आणि शेपटी जागची हलत नाही. कार्बन कापताना तोंडाला मास्क लावा आणि कापायची जागा ओली ठेवा. शेपटीकडे टाकलेला प्रत्येक ग्रॅम नाकात तीन-चार ग्रॅम मागतो, म्हणून मागचे हॉर्न छोटे आणि गोंद थेंबभर.

गोंदावरून आठवलं: फेविक्विक थर्माकोल आणि डेप्रॉन खातो. ईपीपी फोमला आणि बाल्साला चालतो. खात्री नसेल तर कापलेल्या तुकड्यावर थेंब टाकून पाहा. सर्व्होजवळ मात्र तो अजिबात नको. आत झिरपला की दाते कायमचे बसतात. सर्व्होभोवती मास्किंग टेप गुंडाळा आणि टेपवर ग्लू गनचा गोंद लावून बसवा. उद्या बदलायचा झाला तर टेप फाडून निघतो.

बसवण्याचा क्रम चुकवू नका. आधी सगळं टेबलावर जोडा. ट्रान्समीटर पहिल्यांदा सुरू, मग रिसीव्हर. बंद करताना उलट. ट्रिम मध्यावर, सर्व्हो आपोआप मध्यावर येतील. तेव्हाच सर्व्होचे हात ९० अंशांत चढवा आणि स्क्रू घट्ट करा. हे न करता सर्व्हो चिकटवलेत तर एका बाजूला हालचाल पुरत नाही आणि सगळं उचकटावं लागतं. सळई सर्व्होच्या हातात आतल्या भोकात, शेपटीच्या हॉर्नमध्ये बाहेरच्या भोकात घाला. हालचाल बारीक आणि नेमकी मिळते. सुरुवातीला एलेव्हेटर दहा-बारा अंश, रडर वीस-पंचवीस अंश पुरे. रिसीव्हरच्या अँटेना कापायच्या नाहीत, गुंडाळायच्या नाहीत. दोन्ही एकमेकींना काटकोनात ठेवा. ग्लायडरचं अंग कार्बनचं असेल तर अँटेनाची टोकं बाहेर काढा, कार्बन सिग्नल अडवतो.

बॅटरी शेवटी चिकटवा, किंबहुना चिकटवूच नका, वेल्क्रो लावा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर दोन बोटांनी ग्लायडर उचला आणि ते सपाट राहीपर्यंत बॅटरी पुढे-मागे करा. आराखड्यात तोलाची खूण दिली असेल तर तीच पाळा. नाक किंचित जड चालेल, शेपटी जड नको.

आता काट्यावर ठेवा. रिकामं ग्लायडर ११०-१२०, रिसीव्हर १५, सर्व्हो १८, पॅक तारांसह ५५, सळया-हॉर्न-गोंद १५: बेरीज सव्वादोनशेच्या आत. ड्रोनच्या कायद्यात नॅनो वर्गाची मर्यादा २५० ग्रॅम, त्यामुळे हातात पंचवीस-पस्तीस ग्रॅमच उरतात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नॅनो वर्गासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणीचं सरकारी शुल्क १०० रुपये. ती सरकारी पोर्टलवर स्वतः करा, ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटची गरज नाही.

जागा मात्र तपासाच. सरकारी हवाई नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात, म्हणजे ग्रीन झोनमध्ये, ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, आणि त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. चांगला थर्मल, म्हणजे वर चढणारा उष्ण हवेचा झोत, सापडला तर इंजिन नसलेलं ग्लायडरही ४०० फूट सहज ओलांडतं, तेव्हा नजर वर ठेवा. पुणेकरांनी लोहगाव आणि एनडीएचा परिसर नकाशावर आधी पाहावा. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवरच्या छोट्या विमानांवर बंदीचे आदेश काढतात; मैदानावर जाण्याआधी त्या आठवड्याचा आदेश शोधा.

परदेशातून पूर्ण तयार मॉडेल मागवण्याचा विचार असेल तर थांबा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून ड्रोनच्या आयातीवर, सुट्या करून आणलेल्या संचांवरसुद्धा, बंदी आहे. सुटे भाग त्यातून वगळले आहेत. कस्टमचा अधिकारी तुमच्या ग्लायडरला ड्रोन धरणार नाही, यावर पैसे लावू नका. विमानाने कोणी लिपो आणत असेल तर ती हातातल्या बॅगेत, टोकं झाकून.

पहिल्या उड्डाणाआधी दोन तपासण्या, दोन्ही फुकट. मागे उभे राहून कांडी उजवीकडे करा, रडर उजवीकडे वळला पाहिजे. कांडी स्वतःकडे ओढा, एलेव्हेटर वर उठला पाहिजे. उलट होत असेल तर ट्रान्समीटरमध्ये रिव्हर्स करा, सळई उलटसुलट करत बसू नका. मग मित्राच्या हातात ग्लायडर देऊन शंभर मीटर लांब जा आणि कांड्या हलवा. शेपटी अडखळली तर घरी या.

बिल जीएसटीसह मागा. कार्टमध्ये दिसणाऱ्या भावात शेवटी १८ टक्के कर, कुरिअर आणि ‘हँडलिंग’ वाढतात का ते पैसे देण्याआधी पाहा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि सर्व्हो त्याच दिवशी चालवून बघा. स्वस्त सर्व्होवर बहुतेक दुकानं वॉरंटी देत नाहीत, पण आल्या दिवशीच खराब दाखवला तर बदलून देतात. नाही दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन करताना बिल क्रमांक, पैसे भरल्याची पावती आणि तो व्हिडिओ हाताशी ठेवा.